जिथे वल्हं वर यायचं

या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण आजपर्यंत एकदाही काही लिहिलं नाही. वाचायचे तेही खरं तर पळवाटा शोधायला. इथे वाऱ्याने दार हललं असेल, इथे लिहिणाऱ्याला ताप असेल... असं मनातल्या मनात उत्तर लावायचं आणि पान बंद करायचं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही "आहे" म्हणवत नाही. पण आता माझ्याकडे एक गोष्ट आहे जिचं उत्तर मला लावता येत नाही. ती माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी घडली — म्हणून लिहितेय. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी मी वाचून वाचून शिकले. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

मालवणहून आत कट्ट्याला यायचं. एसटीच्या थांब्यामागचा रस्ता धरला की काजूच्या बागेला लागून एक पत्र्याची शेड आहे. ते विनूदादाचं वर्कशॉप. देवघरांवरची नक्षी, दारांच्या चौकटी, होमस्टेच्या पाट्या — तो लाकडात कोरून देतो. कोरणारं मशीन तीन दिशांना हलतं: आडवं, उभं आणि वर-खाली. मी मशीनला हात कमीच लावते. माझं काम कंप्युटरवर. टूलने लाकडावर कुठून कुठे जायचं, एका वेळी किती खोल घुसायचं, दोन फेऱ्यांमध्ये किती अंतर ठेवायचं, कुठे वर उचलायचं, ते सगळं मी आधी आकड्यांत ठरवते. त्या वाटेला टूलपाथ म्हणतात. ती ठरली की स्क्रीनवर सिम्युलेशन चालवते. म्हणजे खरं लाकूड कापण्याआधी खोटं लाकूड खोट्या टूलने कापून बघायचं. मला हे काम आवडतं. यात बोलावं लागत नाही. आणि टूल आपल्या मनाने कुठे जात नाही, सांगितलं तिथेच जातो.

गेल्या वर्षी गणपती होऊन गेले होते आणि दिवाळी यायची होती. त्या मधल्या, घामाच्या दिवसांत टेरेसा टीचर वर्कशॉपवर आल्या. सावंतवाडीला एका शाळेत शिकवतात. रिक्षातून त्यांनी एक लांब, जाड फळी उतरवून घेतली. उंडीच्या लाकडाची, वरून तेल आणि निळा रंग पिऊन काळपट झालेली.

त्यांचे वडील, पास्कू, तारी होते. पूल व्हायच्या आधी खाडीवर जी तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालायची ती त्यांचीच. शाळेची मुलं, कोळणी, नवरदेव, आजारी माणसं — सगळ्यांना त्यांनीच पलीकडे नेलं. मग पूल झाला, होडी धक्क्यावर कुजली. मोडली तेव्हा एवढी एकच फळी धड निघाली. ती त्यांनी घराच्या पडवीत बसायला टाकली. आता त्यांना दिसत नाही. बायको गेली, घरात एकटे. सवयीने चाचपडत धक्क्यावर जातात आणि पायरीवर बसतात. पावसाळ्यात एकदा भरतीच्या पाण्यात पडले. जाळं टाकायला आलेल्या कोणीतरी बघितलं म्हणून वाचले.

टीचरना नोकरी सोडून खाडीवर येऊन राहणं शक्य नव्हतं. त्यांना सावंतवाडीला न्यायचं, एवढाच उपाय. पण ते तयार नव्हते. किती समजावलं, फादरना सांगायला लावलं. शेवटी वैतागून म्हणाले — हे सांगताना टीचर एकदम घरच्या बोलीवर आल्या — "खाडी वांगडा येयत तर येतंय."

वांगडा म्हणजे सोबत. टीचरनी ते शब्दशः धरलं होतं. या फळीत खाडी कोरून हवी होती. दोन्ही काठ, धक्का, वळण, पाण्याखालचा तळ — हाताला कळेल असं. काठांच्या जागी फळीची मूळ पाठ तशीच ठेवायची, म्हणजे त्यांना आपली होडी ओळखू येईल.

विनूदादा बोलका माणूस. म्हणाला, "टीचर, आणि तेंनी म्हटल्यानी, ही खाडी न्हय, तर?"

"तर ते तिथेच राहतील," टीचर म्हणाल्या. "आणि मी रोज सकाळी फोन वाजायची वाट बघत बसेन. काय सांगायला ते तुम्हाला कळलंच असेल."

फळी एकच होती. चुकली तर दुसरी आणायची कुठून?

तळाची माहिती विनूदादाच्या मित्राने दिली. तो पर्यटकांना होडीतून फिरवतो. त्याच्या होडीला पाण्याची खोली सांगणारं यंत्र आहे. दोन-तीन सकाळी त्याने खाडी उभी-आडवी फिरून काढली आणि खोलीचे आकडे मला पाठवले. त्यावरून मी मॉडेल केलं. पडद्यावर ते वळवून बघताना मला फार बरं वाटायचं. पाणी नसलेली खाडी... काठाजवळ चिखलाचा उतार, मग खोल घळ, मग पलीकडे वाळूचा लांब, सपाट तळ. मध्यावर काही नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा तपासलंय, म्हणून ठामपणे लिहितेय — मध्यावर नुसती सपाट वाळू.

आता टूलपाथ. लाकूड कोरताना टूल सहसा धाग्यांच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीने चालवतात. मी मात्र आडवा लावला. या काठावरून त्या काठावर, तिथून परत या काठावर. विनूदादाने मागून बघितलं आणि हसला.

"गो बाय, आडवी नांगरतंस? कुसळां येतली मगे, घास बसान."

धागे उसवून कुसळं निघतील, मग घासत बसावं लागेल, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, उंडीचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, फरक पडणार नाही. हे खरंही आहे. पण मी दिशा निवडली तेव्हा हे कारण माझ्या मनात नव्हतं, ते विचारल्यावर सुचलं. दिशेच्या चौकोनात माझ्या हाताने सहज नव्वद अंश टाकलं होतं, एवढंच मला आठवतं.

सिम्युलेशन मी जेवण झाल्यावर चालू केलं. शेडमध्ये पत्रा तापलेला, पंखा फिरतोय न फिरतोय असा. पडद्यावर छोटा टूल काठावरून निघायचा, घळीत उतरायचा, वाळूवरून सरकत पलीकडच्या काठाला लागायचा. जरा बाजूला सरकून परत. निघायचा, लागायचा, परत. बघता बघता मला तो टूल वाटेनासा झाला. आणि मग दिसलं, मध्यावर आला की तो वर उचलला जातोय. थोडं अंतर हवेतून जातोय आणि पुन्हा खाली टेकतोय. लागून आलेल्या काही फेऱ्यांना, त्याच जागी.

मी सरळ बसले. मॉडेलमध्ये भोक राहिलं की असं होतं. भोक नव्हतं. उचलायची उंची, हद्दी, सगळं पाहिलं. बरोबर होतं. टूलपाथ पुसून नव्याने केला. आता टूल सरळ गेला, कुठेही न उचलता. म्हटलं, डोळा लागला असेल. उकाडाच तसा होता. मशीनला द्यायच्या फाइलमधल्या ओळीही मी त्या पट्ट्यात नजरेखालून घातल्या. उचलायची आज्ञा कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी फळी मशीनवर आवळली. दोन टप्पे असतात: आधी जाड टूलने ओबडधोबड काढायचं, मग बारीक गोल टोकाच्या टूलने सफाई. पहिला टप्पा चालू असताना भुसा इतका होता की फळीवर काही दिसत नव्हतं. फक्त आवाज. लाकूड कापतानाचा घरघराट मध्येच हलका व्हायचा, पुन्हा भरायचा. जुनं लाकूड, कुठे मऊ असेल, असं मी मनाला सांगितलं. लाइट जायचं भय होतं, म्हणून विनूदादाने घाईने टूल बदलला आणि भुसा न झाडताच दुसरा टप्पा लावला.

बारीक टूलला भुसा कमी. या वेळी मला स्पष्ट दिसलं.

टूल आमच्या बाजूच्या काठावरून निघाला. घळीत उतरला, चढला, मध्यावर आला — आणि वर उचलला गेला. अगदी सावकाश. मशीन कधी असं उचलत नाही. त्याचं उचलणं झटक्याचं असतं. हे एखाद्या माणसाने हात वर घ्यावा तसं होतं. घरघराट थांबला. टूल फिरत होता तरी त्याचा आवाज लांबून आल्यासारखा झाला. मी कंट्रोलरच्या पडद्याकडे बघितलं. खोलीचा आकडा खालचाच दाखवत होता. मशीनच्या हिशेबाने टूल तळाशी होता. माझ्या डोळ्यांसमोर तो हवेत होता.

माझा हात मशीन थांबवायच्या लाल बटणावर होता. ते दाबायचं माझं काम होतं. मी दाबलं नाही. भीतीने हात आखडला म्हणावं तर भीती वाटतच नव्हती, आणि हेच मला सांगायला सगळ्यात अवघड जातंय. फार शांत वाटत होतं. तापलेल्या शेडमध्ये खाडीचा वास आला. ओल्या चिखलाचा, खारा, ओहोटीला येतो तसा. आणि थेंब पडल्याचा आवाज... एक, मग जरा थांबून दुसरा. पाण्यातून काहीतरी वर काढलं की निथळतं, तसा. मग टूल खाली टेकला, घरघराट भरला आणि वास गेला. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

विनूदादा दाराशी उभा राहून फोनवर बोलत होता. कुठल्या तरी चौकटीच्या मापावरून समोरच्याला चिडवत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. टूल वर उचलला की तो बोलता बोलता थांबायचा. शब्द अर्धा तोंडात. टूल टेकला की पुढचा अर्धा शब्द. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आपण थांबतोय हे त्याला कळतच नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाला, "मी? मी कदी गप रवलंय तां दाखव माका."

काम संपल्यावर त्याने हवेचा पाइप मारून भुसा उडवला. खाडी सुंदर आली होती. आणि बरोबर मध्यावर, सपाट वाळूत, अंगठ्याएवढा उंचवटा होता. त्याच्या माथ्यावर फळीची मूळ पाठ, तो जुना निळा रंग जशाचा तसा. टूल तिथे एकदाही लागला नव्हता.

विनूदादाने आधी माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. गाठ असेल, म्हणाला. गाठ असती तर टूल तुटला असता, आणि गाठ नव्हतीही. धागे उंचवट्यातून सरळ पलीकडे गेलेले दिसत होते. मशीन कुठे सरकलं असेल म्हणावं, तर त्या पुढचा सगळा तळ केसाचाही फरक न पडता उतरला होता. शेवटी त्याने पटाशी आणली. उंचवटा हाताने उडवून देऊ, कोणाला कळणार नाही. पटाशी माझ्या हातात दिली, कारण बारीक काम मी नीट करते.

मी ती टेकवली. आणि तशीच उभी राहिले. मला ते करवेना. शेवटी म्हटलं, आधी टीचरना दाखवू, मग त्या सांगतील तसं.

टीचर शनिवारची शाळा करून आल्या. मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं — मध्ये एक दोष राहिलाय, माझी चूक आहे, काढून देते. ते बोलायची वेळच आली नाही. त्यांनी फळीवरून नजर फिरवली, त्या उंचवट्यावर थांबल्या आणि बाजूच्या स्टुलावर बसल्या.

"हे तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, काय?

मग त्या हळूहळू बोलल्या. लहानपणी त्या होडीत पुढच्या टोकाला बसायच्या. खाडीच्या मध्यावर आलं की त्यांचे वडील वल्हं पाण्याबाहेर काढायचे आणि तसंच धरून ठेवायचे. होडी आपल्या आपण सरकायची. तेवढा वेळ होडीत कोणी बोलत नसे. भांडणाऱ्या कोळणीसुद्धा गप्प. वल्ह्यावरून थेंब पडायचे तेवढा आवाज. मग वल्हं पुन्हा पाण्यात, आणि बोलणं जिथे राहिलं तिथून पुढे. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आईलाही माहीत नव्हतं.

"मी हे कोणाला सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "विसरलेच होते."

पटाशी मी खणात ठेवून दिली. पण टीचरच्या चेहऱ्यावर आता वेगळीच काळजी होती. ज्या जागेबद्दल वडिलांनी जन्मभर तोंड उघडलं नाही, ती त्यांच्या बोटांना अचानक लागली तर? ते रागावले तर? फळी दूर सारली तर सगळंच संपलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर टीचर आणि मी त्यांच्या वडिलांच्या घरी गेलो. मला जायचं नव्हतं. अनोळखी घरात काय बोलायचं ते मला कळत नाही. टीचर म्हणाल्या, कोणी बोलायचं नाहीये, नुसती ये.

पास्कूआजो पडवीत खुर्चीवर बसले होते. खांदे अजून रुंद. टीचर त्यांना पाय म्हणतात, म्हणजे वडील. "पाय, ह्यां बगा," म्हणून त्यांनी फळी त्यांच्या मांडीवर ठेवली. आजोंनी आधी कड चाचपली. तिथली रंगाची खवलं ओळखली असावीत, कारण ते म्हणाले, "माजो बाक मोडलास?" टीचर हसल्या.

मग त्यांची बोटं धक्का शोधून थांबली. तिथून दोन बोटं उतरली, घळीत गेली, घळीच्या भिंतीवर जरा रेंगाळली. सरळ नाही, किंचित वरच्या अंगाला तिरपी निघाली, पाण्याच्या ओढीत होडी घालतात तशी. वाळूवर आली. आता उंचवटा अगदी जवळ होता. टीचरनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

उंचवट्याला लागायच्या आधीच बोटं वर उचलली गेली.

सावकाश. मी ते उचलणं ओळखलं. हात हवेतून पुढे गेला, निळ्या माथ्यावरून, न शिवता, आणि पलीकडे वाळूवर टेकला. तेवढा वेळ पडवीत कसलाच आवाज नव्हता. माडांचासुद्धा. मग बोटं पलीकडच्या काठाला लागली आणि तिथून परत फिरली. परत येतानाही तसंच. त्या जागी काही आहे, हे त्यांना कळलंच नाही. ते कळावं अशी त्यांच्या हाताची रीतच नव्हती.

बऱ्याच फेऱ्या झाल्यावर टीचरनी विचारलं, "पाय, मदी वल्हां वर कित्याक काढी होतास तुमी?"

आजोंनी मान वळवली. त्यांना प्रश्नच नवा वाटला असावा.

"मी खंय काढी होतंय? तां आपणच वर येय."

आणि थोड्या वेळाने, तळहात खाडीवर पालथा ठेवून, "चल मगे. हिका नीट गुंडाळून घे."

ते आता सावंतवाडीला आहेत. टीचर सांगतात, सकाळ-संध्याकाळ खिडकीपाशी बसून फेऱ्या मारतात. शेजारची मुलं "आजो, आमका पलीकडे सोडा" म्हणून चिडवतात, तर ते त्यांची नावं विचारून घेतात आणि खरंच सोडतात.

त्या खाडीच्या मध्यावर काय आहे, मला माहीत नाही. विनूदादाच्या मित्राला पुन्हा विचारलं, त्याचं यंत्र तिथे सपाट वाळूच दाखवतं. मी लहानपणी कधी त्या तरीत बसले होते का, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, आपण आतल्या गावची माणसं, त्या खाडीवर आपलं काय काम? तीच फाइल, तेच आकडे घेऊन आम्ही आंब्याच्या एका टाकाऊ फळीवर चालवून बघितलं. तळ स्वच्छ उतरला, मध्यावर काही नाही. मशीन तपासून घेतलं, त्यात दोष निघाला नाही. विनूदादा आता हा विषय काढत नाही, आणि तो टाळतो असा हा एवढा एकच विषय आहे.

तुमच्यापैकी कोणाला कारण सुचलं तर जरूर लिहा. मी मनापासून वाचेन. मला अजून सुचलेलं नाही.

कधीकधी दुपारी, काम नसलं की मी ती फाइल उघडून सिम्युलेशन लावते. टूल सरळ जातो, सांगितलं तिथेच. तरी तो मध्यावर आला की मी श्वास धरते आणि कोणाशी बोलत असेन तर थांबते. कोणाच्या लक्षात येत नाही. मी तशीही फार बोलत नाही.